अष्टमीचा रविवार

पालघर काही विलायतेत नाही. बोईसरला गाडीत बसलं की मधे एक उमरोळी, आणि लगेच पालघर. बसायला जागा मिळेपर्यंत उतरायची वेळ होते. माझा भाऊ तिथे राहायला गेला तेव्हा मला वाटायचं, त्यापेक्षा त्याला आफ्रिकेला पाठवला असता तर बरं झालं असतं. निदान तो येत का नाही, याचं कारण तरी कळलं असतं. एवढ्या जवळ असून वर्षभर भेट नाही, या गोष्टीचा मला तेव्हा जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही. आम्ही दोघंही आता सत्तरीच्या घरात आहोत आणि दोघांनाही डॉक्टरांनी राग करू नका असं सांगितलं आहे.

चौसष्ट-पासष्टचा सुमार असेल. मी नऊ वर्षांचा, तो बारा. आमचं गाव तारापूरजवळ, समुद्राला लागून. बाबांची डोलीची होडी होती. डोल म्हणजे पाण्याच्या ओढीला तोंड करून लावायचं भलंमोठं जाळं. घरात मासळी, अंगणात मासळी, अंगाला मासळीचा वास. अशा घरात माझा भाऊ जन्माला आला आणि त्याला बोट लागायची. मच्छीमाराच्या थोरल्या मुलाला! होडी खाडीच्या तोंडातून बाहेर पडली की तो पांढराफटक व्हायचा आणि काठावर पोट टेकून ओकत राहायचा. बाबांनी त्याला लिंबू चोखायला दिलं, आलं दिलं, देवीला नारळ कबूल केला. दोन वर्षं वाट पाहून शेवटी म्हणाले, "ह्याचं दर्यावर काय खरं नाय. ह्याला पुस्तकंच बरी."

पालघरला आईचा भाऊ, म्हणजे आमचा मामा, कचेरीत कारकून होता. मामाला मूलबाळ नव्हतं. मामीला घर खायला उठायचं. मामा एकदा आला, भावाच्या वह्या चाळल्या, अक्षर बघून मान डोलावली आणि म्हणाला, "याला माझ्याकडे दे. वर्षभर बघू. आमच्याकडची शाळा चांगली आहे." दत्तक वगैरे काही नाही, नुसतं वर्षभर बघू. आई मला म्हणाली, "वरीसभराचा तर सवाल हाय." वर्ष म्हणजे किती, हे नऊ वर्षांच्या मुलाला सांगायला ती विसरली. मी तिला विचारलं, "मी पण जाऊ?" तर म्हणाली, "तू गेलास तर बोंबील कोण टाकील?"

बोंबील वाळत टाकणं हे आमचं दोघांचं काम होतं. बांबू रोवून त्यावर आडव्या दोऱ्या ताणलेल्या असतात, त्याला आमच्याकडे वलांडी म्हणतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. खालून जोड्या लावायचं काम भावाचं. त्याची बोटं भराभर चालायची. मी हलका, म्हणून बांबूवर चढून वरच्या दोऱ्यांवर जोड्या टाकायचं काम माझं. तो खालून हात वर करायचा, मी न बघता हात खाली करायचो आणि जोडी बरोबर हातात यायची. तो गेल्यावर मी खाली उतरून दोन-चार जोड्या लावायचो, त्या दातांत आणि खांद्यावर धरून वर चढायचो, टाकायचो, परत खाली. आई ओरडायची, "हात चालव, ऊन सरलं!" मी म्हणायचो, "त्याला आण, मग चालवतो." यावर ती काहीच बोलायची नाही आणि मला आणखी चेव यायचा. कोणी उलट बोललं तर भांडता येतं. गप्प बसणाऱ्या माणसाशी काय भांडणार?

मला तो हवा होता, दुसरं काही नाही. त्याच्याशी फार गप्पा मारायच्या होत्या असं नाही, आम्ही गप्पा मारणारे भाऊ नव्हतोच. जेवताना त्याने माझ्या ताटातला माशाच्या डोक्याचा तुकडा उचलून स्वतःच्या ताटातला मधला तुकडा मला द्यायचा, अंथरुणात त्याचे थंड पाय माझ्या पोटऱ्यांना लावायचे, मी ओरडायचं, एवढं परत सुरू व्हावं असं वाटायचं.

आता कोणी म्हणेल, एवढं होतं तर सुट्टीच्या दिवशी येत का नव्हता? तिथेच तर सगळी गोम होती.

मामाची अट होती की मुलाला एकटं पाठवणार नाही. गाडीत चढता-उतरताना काही झालं तर जबाबदारी कोणाची? बोईसरहून पुढे तर आणखी पंचाईत. त्या वर्षी आमच्या बाजूला मोठ्या प्रकल्पाचं काम सुरू झालं होतं. पाम गावाच्या रस्त्याने दिवसभर ट्रक धावायचे, धूळ उडवायचे, आणि बोईसर स्टेशनच्या बाहेर हिंदी बोलणाऱ्या अनोळखी माणसांची गर्दी असायची. मामीच्या मते त्यातला प्रत्येक माणूस मुलं पळवायलाच आलेला होता. तेव्हा मामाने सांगून टाकलं, बापाने यावं, घेऊन जावं आणि बापानेच आणून सोडावं.

आणि बाप कधी मोकळा? तर भांगाला. आमचं सगळं आयुष्य तिथीवर चालायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाण्याला ओढ, जाळ्यात माल, म्हणजे बाबा समुद्रात. अष्टमीच्या आसपास पाणी मंदावतं, त्याला भांग म्हणतात. त्या तीन-चार दिवसांत होड्या काठाला येतात, जाळी शिवतात, माणसं दाढ्या करतात आणि बायकापोरांना ओळख देतात. आमच्या घरात सोमवार-मंगळवार कोणी मोजायचं नाही. "एकादशीला जायाचं, अष्टमीला याचं," असं बोलणं.

शाळेला मात्र सुट्टी रविवारची. शाळेला अष्टमीशी काय देणंघेणं? म्हणजे भावाला रविवार मोकळा, बाबांना अष्टमी मोकळी, आणि हे दोन दिवस एकमेकांची तोंडं न बघणाऱ्या जावांसारखे वागायचे. कधी भांग मंगळवारपासून, कधी बुधवारपासून. कधी नेमका रविवार यायचा तर दुसऱ्या दिवशी शाळेची परीक्षा. दिवाळीत तर बोलूच नका. दिवाळी अमावास्येचीच, म्हणजे ऐन उधाणाची. बाबा एक दिवस पूजेला आले आणि गेले. त्यात मामीने निरोप पाठवला, घरात पहिल्यांदा मूल आहे तर या दिवाळीला त्याला इथेच राहू द्या. सोबत चकल्यांचा डबा. त्या चकल्यांना मी हात लावला नाही, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण मी त्या सगळ्या खाल्ल्या. रागारागाने खाल्ल्या, आणि वर आईला सांगितलं की खवट होत्या.

भाऊ पोस्टकार्ड पाठवायचा. ती पोस्टकार्डं म्हणजे माझ्या डोक्याला आणखी ताप. "तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. मी येथे खुशाल आहे. अभ्यास उत्तम चालू आहे. मामा व मामी माझी काळजी घेतात." आणि अगदी खाली, जागा उरली तर, "चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद." चिरंजीव म्हणजे मी! परवापर्यंत माझ्या पोटऱ्यांना थंड पाय लावणारा बारा वर्षांचा पोरगा मला आशीर्वाद देत होता. पुढे कळलं की मामा शेजारी बसून मजकूर सांगायचा. तेव्हा मला एवढंच दिसलं की भाऊ तिकडे जाऊन मोठा माणूस झाला.

मग मी ठरवलं की हा गोंधळ आपणच निस्तरायचा. आमच्या घरी कॅलेंडर नव्हतं. मी अमावास्येपासून बोटांवर मोजायला लागलो. बायका संकष्टी-एकादशी मोजतात तसा मी अष्टमी मोजायचो आणि शाळेत मास्तरांना वार विचारून तो त्याला जुळवायचो. पौषातली अमावास्या शनिवारी होती. तिथून आठ बोटं मोजली. पुढचा रविवार आला, अष्टमी! मी परत मोजलं, उजव्या हातावर, डाव्या हातावर. रविवारच. मग आई-बाबांना न सांगता पोस्टकार्ड लिहिलं, "येत्या रविवारी अष्टमी आहे. बाबा शनिवारी दुपारी तुला न्यायला येतील. तयार राहा." आणि खाली सूड म्हणून, "अनेक उत्तम आशीर्वाद."

मला वाटलं होतं, बाबा शुक्रवारी काठाला येतील, मी त्यांना सांगेन आणि ते शनिवारी जातील. शुक्रवारी होड्या आल्या नाहीत. शनिवारी आल्या नाहीत. मी सकाळपासून खाडीच्या तोंडाकडे बघत उभा. रविवारी संध्याकाळी आईने विचारलं, "काय झालंय तुला? जेवत का नायस?" मी सांगितलं नाही.

बाबा मंगळवारी आले. त्या पंधरवड्यात एक तिथी दोनदा आली होती. पंचांगात असं होतं, एखादी तिथी दोन दिवस मुक्काम करते. हे पंचांगवाल्यांना ठाऊक असतं, आणि बाबांसारख्यांना पंचांग न उघडताच ठाऊक असतं, कारण ते पाण्याकडे बघतात. पाण्याला अजून ओढ होती, जाळ्यात माल पडत होता, ते कशाला येतील? मी मात्र बोटांवर विसंबलो. माझी अष्टमी खऱ्या अष्टमीच्या एक दिवस आधीच संपली होती.

तिकडे भाऊ शनिवारी दुपारी शाळेतून आला, पिशवी भरली आणि मामाच्या ओट्यावर बसला. संध्याकाळपर्यंत बसला. रविवारी सकाळी परत बसला. मामीने जेवायला बोलावलं तर पिशवी घेऊनच आत गेला. हे सगळं मामाच्या पत्रातून कळलं. ते पत्र पोस्टकार्डावर मावलं नाही, पाकिटातून आलं. त्यात लिहिलं होतं की लिहून कळवायचं आणि यायचं नाही, याला काय म्हणावं? पोराच्या जिवाला किती लागलं, त्याचं अभ्यासावरून लक्ष उडालं, तेव्हा आता मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत कोणी न्यायला येऊ नये आणि पत्रातून भलतीसलती आश्वासनं देऊ नयेत.

मास्तरांनी ते पत्र बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता पाठ सोलणार. पण ते म्हणाले, "तू लिवलंस?" मी मान हलवली. "मला इचारलं असतंस तर सांगितलं असतं मी, पानी अजून सुटलं नाय म्हणून." एवढंच बोलले आणि जाळ्याला बसले. मार खाल्ला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर भावाचं जे पोस्टकार्ड आलं त्यात खाली आशीर्वाद नव्हते. मी कार्ड उलटसुलट करून बघितलं. जागा भरपूर होती. ज्या ओळीने माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या ती ओळ नाही म्हणून मी गोठ्यामागे जाऊन रडलो. मला त्याला सांगायचं होतं की बाबांनी फसवलं नाही, मी चुकलो. पण लिहायची बंदी, आणि तोंडी निरोप कोण नेणार?

मग आत्याची आठवण झाली. बाबांची बहीण सुकी मासळी घेऊन पालघरच्या बाजाराला जायची. मी तिच्या मागे लागलो, तिची पाटी उचलली, तिचं पाणी भरलं, शेवटी ती म्हणाली, "चल बाबा, नायतर माझं डोकं खाशील." बोईसरपर्यंत बैलांचा खटारा, तिथून गाडी. उमरोळी गेलं तेव्हाच मी उठून दाराशी जाऊन उभा राहिलो. पालघरला बाजारात पाटी मांडून आत्याने मला मामाच्या घराच्या दारापर्यंत सोडलं.

मामीने दार उघडलं. "अरे, तू! आणि आज? आज तर शाळा आहे रे."

बाजाराचा दिवस म्हणजे शाळेचाच दिवस. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्या घरात वार कोणी मोजायचं नाही हे मी वर सांगितलंच आहे.

"कदी येईल?"

"पाच वाजतील. थांब की."

आत्याची गाडी चारची होती. ती चुकली तर बोईसरहून पुढे खटारा मिळत नव्हता. मामीने मला पोहे दिले. चांगले होते. मामी वाईट नव्हतीच, हीच तर माझी अडचण होती. ती म्हणाली, "बघ, दादाची खोली बघ." खोली कसली, पडवीला पडदा लावलेला. पण तिथे खिडकीजवळ एक खाट होती, खाटेवर उशी, खुंटीला इस्त्रीचा शर्ट, भिंतीला वेळापत्रक चिकटवलेलं. खाटेखाली नव्या चपला. मी खाटेवर बसून बघितलं. एका माणसाला ऐसपैस पुरेल एवढी होती. आणि मला एकदम असं वाटलं की हा इथे मजेत आहे, थंड पाय कोणाला लावायचे असा प्रश्नही त्याला पडत नसेल. मी सांगायला गेलो होतो, "माझी चूक झाली, बाबांची नाही." मामीने विचारलं, "काही निरोप आहे का?" मी म्हणालो, "काय नाय."

का म्हणालो? त्या शब्दाबद्दल मी स्वतःला आजवर इतक्या शिव्या दिल्या आहेत की आता नवीन सुचत नाही. परतीच्या गाडीत आत्या विचारत होती, भेटला का, काय म्हणाला. मी खिडकीबाहेर तोंड करून बसलो होतो.

उन्हाळा आला. एक दिवस जाळं शिवता शिवता आई-बाबांचं बोलणं चाललं होतं ते मी ऐकलं. तारापूरच्या शाळेत वरचे वर्ग होते, पायी जाता येत होतं. आई म्हणत होती, "वरीस झालं. आता आनू या त्याला." बाबा म्हणाले, "भाऊ तुझा ठेवून घ्याचं म्हणतोय पुढं. पोराला इचारू. तो बोलला ऱ्हातो, तर तारापूरला घालू. तो बोलला जातो, तर आपन अडवायचं नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तू त्याला काय शिकवायचं नाय. त्याचं त्याला ठरवू दे."

म्हणजे सगळं त्याच्या एका शब्दावर होतं. ते दहा-बारा दिवस मी शहाण्यासारखा वागलो. अंगण झाडलं, न सांगता पाणी भरलं. या वेळी दिवस बाबांनी स्वतः ठरवला होता. भांग होता, होड्या काठाला होत्या, अष्टमी होती आणि रविवार होता. वर्षभर मी ज्याच्या मागे बोटं झिजवली तो दिवस एकदाचा आला. मामा त्याला घेऊन सकाळच्या गाडीने येणार होता. आला की आठ दिवस तरी राहील, असं मी धरून चाललो होतो.

मी सकाळी उठून रस्त्याला जाऊन उभा राहिलो. पहिली बस आली, त्यातून प्रकल्पावरचे कामगार उतरले. दुसरी बस आली, कोणी नाही. ऊन चढलं. रस्त्याची धूळ तोंडात जात होती. मी काहीही न खाता निघालो होतो. तिसरी बस थांबलीसुद्धा नाही. आणि माझी खात्रीच पटली की तो येत नाही. त्या खाटेवर, त्या खिडकीजवळ तो झोपला असणार, मामी त्याला पोहे देत असणार. तळपायाची आग मस्तकात गेली. मी घरी गेलो नाही, काठावर गेलो. आमची होडी डांबर लावायला वाळूवर ओढून ठेवली होती, शीड गुंडाळून आत टाकलेलं. मी होडीत चढलो आणि त्या शिडाखाली शिरून पडून राहिलो. ठरवून टाकलं, आता कोणी कितीही हाका मारल्या तरी उठायचं नाही.

तो आला होता. मामाला बोईसरला ओळखीचा ट्रकवाला भेटला, त्याने त्यांना दुसऱ्या रस्त्याने थेट गावात सोडलं. मी रस्त्यावर धूळ खात होतो तेव्हा तो घरात बसून माझी चौकशी करत होता.

दुपारी त्याची हाक ऐकू आली. लांबून, मग जवळून. आवाज थोडा फुटला होता, पण त्याचाच. "अरे, कुठं आहेस? मी आलोय."

मी श्वास रोखला. सुखाने रोखला, हे आता कबूल करतो. पण लगेच दुसरा विचार आला, शोधू दे. मी वर्षभर शोधलं, आता याला थोडं शोधू दे. अजून एकदा हाक मारली की उठतो.

त्याने मारली. मी म्हटलं, अजून एकदा.

त्याने मारली. होडीच्या अगदी जवळून. वाळूत पाय वाजले आणि थांबले. बराच वेळ काही आवाज नाही. मी तोंडावर हात दाबून हसत होतो. आता शीड उचलेल, आता उचलेल. मग पाय पुन्हा वाजले आणि लांब गेले. मी म्हटलं, जाऊ दे, घरी जाऊन भेटू, आठ दिवस आहेत की.

शिडाखाली मला झोप लागली. सकाळपासून उपाशी, ऊन, आणि शिडाखालची ऊब. उठलो तेव्हा उन्हं उतरली होती. घरी गेलो तर ओट्यावर बाबा एकटे बसले होते. मी विचारलं, "दादा कुठं?"

बाबा म्हणाले, "गेला."

"कुठं गेला?"

"मामाला संध्याकाळची गाडी होती. शाळेत नाव ठेवायचं का काढायचं, ते उद्याच सांगायचं होतं. मी इचारलं त्याला. तो बोलला, जातो."

मी रस्त्यापर्यंत धावलो. रस्त्यावर एक ट्रक उभा होता, बाकी कोणी नव्हतं. परत येऊन मी आईला म्हणालो, "तुमी त्याला थांबवलं का नाय?" ती चुलीपुढे बसली होती. म्हणाली, "मी बोलले त्याला, भावाला भेटून जा. तो बोलला, भेटलो."

भेटलो! खोटं बोलला, असं मी पुढे कित्येक वर्षं समजत राहिलो. त्याच रागात मी त्याला पत्र लिहिलं नाही, त्याने मला लिहिलं नाही. त्याच्यासाठी ठरवलेल्या तारापूरच्या शाळेत पुढे मी गेलो. तो मामाकडेच मॅट्रिक झाला, मुंबईला नोकरीला लागला. मग आमची भेट लग्नकार्यात, मयतीला. दोघंही एकमेकांशी नीट वागायचो, पाहुण्यांसारखं, "घ्या ना, आणखी घ्या." वलांडीवर न बघता हात खाली करणारा मी आणि जोडी देणारा तो, ही दुसरीच कोणी दोन माणसं असावीत.

गेल्या वर्षी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी बघायला गेलो. मुलं कामावर गेलेली, घरात आम्ही दोघंच. कशावरून तरी त्या दिवसाचं बोलणं निघालं आणि साठ वर्षांची वाफ माझ्या तोंडून बाहेर पडली. मी म्हटलं, "तू न भेटता गेलास आणि आईला सांगितलंस, भेटलो. एवढं खोटं?"

तो चिडलाच. पाय दुखत असताना उठून बसला. "खोटं? तुझा पाय बाहेर होता शिडाच्या! मी होडीपाशी उभा होतो. तुझा पाय हलत होता. हसत होतास तू."

त्याने पायावरची चादर बाजूला ढकलली.

"मला वाटलं, तुला यायचंच नाही भेटायला. आधी एकदा बोलावून दोन दिवस ओट्यावर बसवलंस. मग मामीकडे आलास तर निरोप विचारल्यावर म्हणालास, काय नाय. आणि मग ते. किती वेळ उभा राहायचं माणसाने?"

"मग शीड का नाही उचललंस?"

"तू का नाही उठलास?"

दोन म्हातारे एका खोलीत ओरडत होते. शेजारच्या बाईने दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना. ती गेली. मग त्याने उशी सरळ केली आणि खिडकीकडे बघत, हळू आवाजात म्हणाला, "मी राहायलाच आलो होतो. सगळे कपडे आणले होते, पुस्तकंसुद्धा. मामाला गाडीतच सांगितलं होतं, मी आता परत येणार नाही म्हणून."